कन्सोल की स्वतः जोडलेला पीसी? आधी हिशेब नीट मांडू

थोडं थांबलं की इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त होते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. गेमिंग कन्सोलचंही वर्षानुवर्षं तसंच चालायचं. नवा आला की महाग, दोन-तीन वर्षांनी उतरला की मध्यमवर्गाने घ्यायचा. या पिढीत मात्र उलटी गंगा वाहिली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोघंही नोव्हेंबर २०२० मध्ये आले, आणि पाच वर्षांचे जुने झाल्यावर स्वस्त होण्याऐवजी महागले. २०२५ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही बऱ्याच देशांत किमती वाढवल्या. मायक्रोसॉफ्टने तर अमेरिकेत एकाच वर्षात दोनदा.

त्याच सुमारास भाच्याचा फोन आला. "मामा, कन्सोलच्या पैशात त्याच्याहून भारी पीसी होतो म्हणे. व्हिडिओत दाखवलंय."

"व्हिडिओतल्या माणसाकडे मॉनिटर आधीपासून होता का रे? विंडोजचे पैसे धरलेत? ग्राफिक्स कार्ड नवं की वापरलेलं?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "ते नाही सांगितलं त्याने."

त्याला फोनवर पाऊण तास जे सांगितलं, तेच इथे जरा सावकाशीने मांडतो.

## डब्यात नेमकं काय असतं?

कन्सोल हा कॉम्प्युटरच असतो. पहिला प्लेस्टेशन ५ उघडला तर आत एएमडी कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर, त्याच कंपनीचा ग्राफिक्सचा भाग, १६ जीबी मेमरी आणि ८२५ जीबीची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची वेगवान डिस्क, सापडते. सिरीज एक्समधला प्रोसेसर आणि ग्राफिक्सही एएमडीचंच. पीसीसाठी सुटे मिळणारे भाग याच घराण्यातले. कन्सोलमध्ये ते एका बोर्डावर कायमचे डकवलेले असतात, पीसीत ते एकेक करून काढता-घालता येतात.

दोन शब्द एकदाच समजून घेऊ, कारण पुढे सगळं त्यांच्याभोवती फिरतं. प्रोसेसर म्हणजे मुकादम. त्याच्या हाताखाली माणसं मोजकी, सहा किंवा आठ (त्यांनाच कोअर म्हणतात), पण प्रत्येक जण हुशार. चेंडू कुठे आदळला, शत्रू कुठल्या कोपऱ्यातून आला, दार उघडलं की नाही, हे सगळं तिथे ठरतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो रंगाऱ्यांची फौज. एकेकट्याची अक्कल बेताची, पण सगळे एकदम ब्रश फिरवतात.

रंगवायचं तरी किती? फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ते सगळे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. सेकंदाला किती चित्रं पुरी झाली त्याचा आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मुकादमाचा हुकूम आला नाही तर रंगारी हात बांधून उभे. रंगारी कमी पडले तर मुकादम ताटकळत बसतो. दोन्हीकडून खेळणाऱ्याला दिसतं ते एकच: चित्र अडखळतं. आणि फोर-के पडदा म्हटला की ठिपके बरोबर चौपट, ८२ लाख ९४ हजार ४००. कमी बजेटचा पीसी जोडणाऱ्याने फोर-केचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, एवढं या गुणाकारावरूनच कळतं.

## मग कन्सोल तेवढ्या पैशात देणं त्यांना परवडतं कसं?

इथे बहुतेक लोक फसतात. ते दोन खोक्यांच्या किमती शेजारी ठेवतात आणि म्हणतात, आत तर सारखाच माल आहे.

प्रिंटर आठवा. प्रिंटर स्वस्तात पडतो आणि पुढे शाई आयुष्यभर वसूल करते. कन्सोलचं गणित तसंच आहे. त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून कंपनीला वाटा मिळतो. डिजिटल विक्रीत तो साधारण ३० टक्के धरला जातो. २०२१ मध्ये गेम बनवणारी एपिक आणि ॲपल यांचा खटला चालू होता, त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगून टाकलं की एक्सबॉक्सचं यंत्र विकून कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीने जाहीर केलं की डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकला जात नाही. म्हणजे त्याआधीचे आठ-नऊ महिने तो तोट्यात जात होता.

तुम्ही ग्राफिक्स कार्ड विकत घेता तेव्हा त्याच्या कंपनीला तुमच्या पुढच्या गेममधून छदामही मिळणार नसतो. तिला जो काही नफा काढायचा तो त्या कार्डावरच. रॅमवाल्याचं तेच, मदरबोर्डवाल्याचं (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) तेच. सात-आठ कंपन्या आपापला नफा काढून देतात ते भाग जोडून तुम्ही अशा वस्तूशी स्पर्धा करताय जी विकणाऱ्याने नफ्यावर पाणी सोडून बाजारात आणली. खरेदीच्या दिवशी नवाकोरा पीसी कन्सोलवर मात करत नाही. जो कोणी करतो म्हणतो, त्याने यादीतून काहीतरी गाळलेलं असतं.

भाच्याला हे ऐकून वाईट वाटलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

## पैसे कुठे ओतायचे?

बजेट पीसीचा एकच मोठा नियम: रंगाऱ्यांवर खर्च करा. एकूण रकमेतला सगळ्यात मोठा हिस्सा, तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत, ग्राफिक्स कार्डाला जाऊ द्या. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. महागडा प्रोसेसर, त्यावर रंगीबेरंगी दिव्यांचा कूलर, काचेची कॅबिनेट, आणि मग उरलेल्या पैशात जे बसेल ते कार्ड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कार्ड किती ताकदीचं हवं, याला एक बरी मोजपट्टी आहे. एएमडीच्या ग्राफिक्समध्ये रंगाऱ्यांच्या तुकड्या मोजता येतात. प्लेस्टेशन ५ मध्ये त्या ३६ आहेत, सिरीज एक्समध्ये ५२, आणि धाकट्या सिरीज एसमध्ये २०. त्याच पिढीचं सुटं कार्ड आरएक्स ६६००, जे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, त्यात २८ तुकड्या आहेत आणि त्यांचा वेगही बरा आहे. म्हणजे ते सिरीज एसच्या बरंच वर आणि प्लेस्टेशन ५ च्या थोडं खाली बसतं. आरएक्स ६७०० मध्ये बरोबर ३६ तुकड्या, जवळजवळ जुळा भाऊ. फुल एचडी पडद्यावर ६० एफपीएस एवढीच अपेक्षा असेल तर ६६०० च्या तोलाचं काहीही चालतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा पिढ्यांच्या तुकड्या मात्र एकमेकांशी मोजू नका, तिथे ही पट्टी खोटी पडते.

कार्डाची दुसरी बाजू म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. रंगाऱ्यांच्या हाताशी असलेलं टेबल समजा. सगळे डबे टेबलावर मावले तर काम सरसर होतं. नाही मावले तर दर वेळी कोठीत धावायचं. कन्सोलमधली १६ जीबी प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात आणि गेम लिहिणारे ती समोर ठेवूनच गेम बनवतात, त्यामुळे पीसीवर ४ जीबीचं कार्ड आज घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ८ जीबी ही आजची खालची पायरी, तीही पोत (पृष्ठभागांवरचा बारकावा) वगैरे सेटिंग्ज थोड्या उतरवून. १२ जीबी मिळत असेल तर जास्त निश्चिंत: एनव्हिडियाचं जुनं आरटीएक्स ३०६० किंवा इंटेलचं डिसेंबर २०२४ मधलं आर्क बी५८०. इंटेलचं कार्ड घेताना एक लक्षात ठेवा, त्याला रिसायझेबल बार नावाची सोय चालू असलेला मदरबोर्ड लागतो आणि फार जुन्या प्रोसेसरबरोबर ते रडतं.

ताकद थोडी कमी पडलीच तर आता एक पळवाट आहे. डीएलएसएस आणि एफएसआर अशी तंत्रं चित्र आधी लहान रंगवतात आणि मग हुशारीने मोठं करतात. कन्सोलही आतून हेच करतात, फक्त तुम्हाला विचारत नाहीत.

प्रोसेसरला थोडक्यात उरकतो. सहा कोअर पुरेत. एएमडीचा रायझेन ५ ५६०० बजेटवाल्यांचा लाडका आहे तो उगाच नाही. अगदीच हात आखडता असेल तर इंटेलचा चार कोअरचा आय३-१२१००एफ. त्या शेवटच्या 'एफ'कडे बघा बरं का, त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडदा काळा.

## रॅमचं नवं दुखणं

दोन वर्षांपूर्वी हा लेख लिहिला असता तर रॅमवर एक ओळ पुरली असती: १६ जीबी घ्या, ८-८ च्या दोन पट्ट्यांत. दोन का? कारण दोन पट्ट्या म्हणजे गोदामाला दोन दारं. एकाच १६ च्या पट्टीत माल तेवढाच, पण ये-जा एकाच दारातून, आणि गेममध्ये ते जाणवतं.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी त्याच कारखान्यांतून निघते. जिथे नफा जास्त तिकडे उत्पादन वळलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचंच जाहीर केलं. बजेट पीसीवाल्यांसाठी हा दुष्काळात तेरावा महिना.

यावर माझा सल्ला जरा जुन्या वळणाचा आहे. डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी, हवीच असा हट्ट सोडा. रायझेन ५ ५६०० मदरबोर्डवरच्या ज्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या बैठकीवर, बसतो तिथे आधीच्या पिढीची डीडीआर४ चालते, आणि वापरलेली डीडीआर४ घ्यायला मला काडीची भीती वाटत नाही. रॅमला झिजणारा भाग नसतो. ती एक तर चालते किंवा चालत नाही, आणि कोणती ते तासाभराच्या चाचणीत बहुतेक वेळा कळतं.

## काटकसर कुठे करायची नाही

पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला बरेच जण एसएमपीएस म्हणतात. हा भाग एफपीएस वाढवत नाही, दिसत नाही, मिरवता येत नाही, म्हणून लोक इथेच पैसे वाचवतात. पण सगळ्या भागांना वीज हाच वाढतो, आणि हा बिघडला तर एकटा जात नाही.

वॅटचा हिशेब सोपा आहे. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, रायझेन ५६०० भरात असताना ७६ च्या आसपास, बाकी पंखे-एसएसडी मिळून चाळीस-पन्नास. झाले अडीचशे. क्षणिक उसळी आणि उद्याचं मोठं कार्ड धरून ५५० वॅटचा चांगला सप्लाय पुरतो. खोक्यावरचं '८० प्लस ब्राँझ' वगैरे पाहून भुलू नका. त्यातून एवढंच कळतं की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही. आतला माल किती टिकाऊ, हे त्यात येत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते बघावं.

इथे माझीच एक फजिती. काही सप्लायच्या केबली सुट्या असतात, हव्या तेवढ्याच लावायच्या. मी जुना सप्लाय काढून नवा बसवला आणि आळस म्हणून हार्ड डिस्कची जुनी केबल तशीच ठेवली. टोक नव्या सप्लायमध्ये बरोबर बसलं, टक् आवाजसुद्धा आला. बटण दाबलं आणि दोन सेकंदांत जळक्या प्लास्टिकचा वास. त्या टोकाच्या आकाराला कंपन्यांमध्ये सारखेपणा असला तरी आतल्या तारांच्या क्रमाला नसतो. बारा व्होल्ट जिथे जायला नको तिथे गेले. डिस्क गेली आणि तिच्याबरोबर चार वर्षांचे फोटो. सप्लाय बदलला की त्याच्या केबलीही बदला, सगळ्या.

मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांत मात्र खुशाल हात आखडा. कॅबिनेटला पुढून जाळी हवी, हवा आत गेली पाहिजे, बास. मदरबोर्डमध्ये एकच सापळा आहे: जुन्या साठ्यातल्या बी४५० बोर्डाला ५६०० हा प्रोसेसर ओळखताच येत नाही, आधी त्याचं बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करावं लागतं. घेण्याआधी विचारून घ्या. एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान प्रकारची. प्लेस्टेशनची सेकंदाला ५.५ जीबी वाचते म्हणून तेवढीच वेगवान शोधत बसू नका. त्या वेगाचा पुरता फायदा उठवणारे गेम पीसीवर फार थोडे आहेत.

## "पण मला ते जोडता येईल का?"

येईल. लागतं काय, तर एक चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रिकामं टेबल आणि चार तास. अंगातली स्थिर वीज घालवायला अधूनमधून उघड्या धातूला हात लावायचा.

एएम४ चा प्रोसेसर बसवताना मजा येते. सॉकेटची दांडी वर करायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, आणि सोडून द्यायचा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावा लागला तर समजायचं की काहीतरी चुकतंय. रॅमचं याच्या उलट: पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबायची, आणि बोर्ड वाकतोय की काय असं वाटून छातीत धस्स होतं त्याच क्षणी ती 'खट्' करून बसते. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

भाच्याने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. "मामा, गेलं सगळं," तो म्हणाला. रडायचाच बाकी होता.

"थांब. पडद्याची केबल मागे कुठे लावलीयस? कॅमेरा तिकडे ने."

केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये. ग्राफिक्स कार्डाचं तोंड खाली, मोकळं. दहातल्या निम्म्या 'मेलेल्या' पीसींचं दुखणं हेच असतं, असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. केबल खाली आली आणि पडदा उजळला.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ३२०० वेगाची रॅम तुम्ही काहीच केलं नाही तर २१३३ सारख्या संथ वेगाने चालत राहते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हा पर्याय चालू करावा लागतो. आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा, मॉनिटर घेतला तरी विंडोज त्याला कधी कधी ६० वरच ठेवतं. लोक वर्ष-वर्ष तसंच खेळतात.

## "सेकंडहँड घेणं म्हणजे जुगार नाही का?"

भागावर अवलंबून आहे. प्रोसेसर क्वचितच मरतो. रॅमचं वर सांगितलं. सुटा पॉवर सप्लाय वापरलेला कधीही घेऊ नये. ग्राफिक्स कार्ड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

कार्डांबद्दलची मोठी धास्ती म्हणजे 'मायनिंग'ची, म्हणजे आभासी चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांची गरज एका दिवसात संपली आणि अशी कार्डं ढिगाने विक्रीला आली. माझं मत विचाराल तर चिप सहसा ठीक असते; झिजतात ते पंखे आणि उष्णता वाहून नेणारे पॅड. पैसे देण्याआधी कार्ड चालू स्थितीत अर्धा तास जड गेमवर चालवून बघा, तापमान बघा, पंख्याला कान लावा. विकणारा त्याला तयार नसेल तर नमस्कार करून निघा.

सगळ्यात स्वस्त वाट मात्र वेगळी आहे. कार्यालयांतून निवृत्त झालेले ब्रँडेड डेस्कटॉप कवडीमोलाने मिळतात. त्यात प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट सगळं असतं. एक कार्ड खोचलं की झालं. अडचण अशी की यांचे सप्लाय लहान असतात आणि कार्डाला जोडायची वेगळी केबलच नसते. मग कार्डाला बोर्डाच्या खाचेतूनच वीज घ्यावी लागते, आणि ती खाच ७५ वॅटच्या वर देत नाही. त्यात बसणारी कार्डं मोजकी. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचं असल्याने चांगलं बसतं, फक्त वर सांगितलेली ८ जीबीची पायरी इथे सोडावी लागते. कॅबिनेट चपटी असेल तर कार्डही बुटकं लागतं. आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

## "कन्सोल हँग होत नाही, त्याचं काय?"

याला उत्तर नाही. खरंच आहे ते.

कन्सोल एकाच साच्याचे लाखो असतात. गेम लिहिणाऱ्याला समोर नेमकं काय आहे ते ठाऊक असतं, त्यामुळे तो शेवटचा थेंब पिळून काढतो. पीसी मात्र दोन घरांत सारखे नसतात. याचा एक त्रासदायक नमुना म्हणजे शेडर. शेडर म्हणजे रंगाऱ्यांना द्यायच्या सूचनांच्या चिठ्ठ्या. कन्सोलवर त्या आधीच लिहून तयार असतात. पीसीवर कोणाचं कार्ड कुठलं हे माहीत नसल्याने त्या तुमच्याच यंत्रावर, कधी कधी खेळ चालू असतानाच लिहिल्या जातात. नव्या जागी शिरलात की क्षणभर झटका बसतो तो त्यामुळे. भारी कार्ड घेतलं तरी हा झटका पुरता जात नाही.

शिवाय ड्रायव्हर (कार्ड वगैरे भाग चालवणारे प्रोग्रॅम), विंडोजचे अपडेट, सतराशे साठ सेटिंग्ज. विंडोजच्या जागी बसणाऱ्या, वाल्व कंपनीच्या स्टीमओएसमुळे विंडोजशिवायही बरेचसे गेम चालतात आणि तो फुकट आहे, पण फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणांमुळे काही ऑनलाइन गेम तिथे चालतच नाहीत, व्हॅलोरंट त्यातलाच. ज्याला संध्याकाळी दमून आल्यावर बटण दाबून चाळीस मिनिटं खेळायचंय, त्याला मी पीसी जोड असं सांगणार नाही.

दुसरीकडे, एकेकाळी फक्त कन्सोलवर मिळणारे खेळ आता इकडे येतात. सोनीने होरायझन झीरो डॉन २०२० मध्ये पीसीवर आणला, गॉड ऑफ वॉर आणि स्पायडर-मॅन २०२२ मध्ये. उशिरा आले, पण आले.

## पाच वर्षांचा ताळा

आकडे सोपे जावेत म्हणून कन्सोलची किंमत १०० धरू. ही फक्त मांडणी आहे, तुमचे खरे आकडे तुम्ही भरा.

नवा पीसी समजा १५० ला पडला. तीन वर्षांनी ४० चं नवं कार्ड घातलं आणि जुनं १५ ला विकलं. एकूण १७५. कन्सोलवर पैसे देऊन घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन इतरांबरोबर खेळायला वर्गणी लागते. प्लेस्टेशनवर ती २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून आहे. ती वर्षाला १५ धरली तर पाच वर्षांचे ७५. एकूण १७५. पीसीवर अशी वर्गणी नाही.

मी आकडे मुद्दाम बरोबरीत आणलेत, कारण मजा पुढे आहे. तुम्ही एकटेच खेळणारे असाल तर ते ७५ पुसा. कन्सोल सरळ जिंकला. फक्त फुकटचे ऑनलाइन खेळ खेळत असाल तरी वर्गणी लागत नाही, पुन्हा कन्सोल. डिस्क विकत घेऊन खेळून झाल्यावर विकायची सवय असेल तर कन्सोल आणखी स्वस्त, कारण पीसीवर घेतलेला गेम विकताच येत नाही. (डिस्क ड्राइव्ह नसलेला कन्सोल घेतलात तर ही सोय गेली.) याच्या उलट, वर्षाला पंधरा-वीस गेम घेत असाल तर पीसीवरच्या सवलतींच्या विक्रीत वर्गणीच्या वर आणखी वाचतं, कारण तिथे एकाहून जास्त दुकानं आपसांत स्पर्धा करतात.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस नसतील तर ते पीसीच्या बाजूला लिहा, अर्थात घरचा टीव्ही आणि कन्सोलचा जुना कंट्रोलर पीसीला जोडता येतोच.

आणि एक नोंद जी व्हिडिओवाले हमखास विसरतात: घरात कॉम्प्युटर घ्यायचाच होता का? होता, तर त्या कॉम्प्युटरचे पैसे, समजा ६०, कन्सोलच्या खात्यात टाका. कन्सोल २३५ वर गेला. घरात चांगला लॅपटॉप आधीच असेल तर हे ६० शून्य.

भाच्याच्या घरात नेमकं इथेच पारडं फिरलं. तो बिचारा मला एफपीएस समजावत होता आणि ताई मागून विचारत होती, "त्याच्यावर माझं हिशेबाचं काम होईल ना रे? लॅपटॉप पार गेलाय." झालं. कार्यालयातून निघालेला उंच कॅबिनेटचा जुना डेस्कटॉप, विंडोज ११ घेणारा, त्यात आरटीएक्स ३०५० चं कार्ड, आणि आधीच्या एकट्या ८ जीबीच्या पट्टीशेजारी वापरलेली आणखी एक. प्लेस्टेशन ५ च्या बराच खाली आहे, हे त्याला माहीत आहे. सप्लाय आणि कार्ड पुढच्या वर्षी बदलायचं म्हणतो, पण त्या बोर्डाला नेहमीचा सप्लाय बसतो की त्याचा खोबणीचा आकार वेगळाच आहे, ते अजून उघडून बघायचंय. संध्याकाळी सातपर्यंत यंत्र ताईचं असतं, त्यामुळे उघडायला वेळ मिळत नाही.